पहिला नमस्कार

महांतेश आधी वाकला तो रघुजी मास्तरांच्या पायांशी.

नंदकिशोर गुरुजींनी उजवा पाय चपलेतून काढून पुढे ठेवला होता. आशीर्वादासाठी हातही थोडा वर आला होता. तो तसाच वळवून त्यांनी चष्मा नीट केला. हॉटेलच्या त्या अरुंद जागेत तीन माणसं उभी राहिली की चौथ्याला भिंतीला टेकावं लागे. त्यामुळे कोण कोणाच्या पाया आधी पडलं, हे लपण्यासारखं नव्हतं. काउंटरमागचा मॅनेजरही बघत होता.

"अरं ऊठ, ऊठ. पाठीत उसण भरंल," रघुजी मास्तर म्हणाले. "केवढा झालास रं! तुझ्या अप्पापेक्षा दीड वीत उंच."

"मास्तर, ओळखलासा की मला?"

"न ओळखाय काय झालं? कान त्येच हाईत."

महांतेश मोठ्यानं हसला. मग वळून त्यानं गुरुजींनाही नमस्कार केला. व्यवस्थित, वाकून, दोन्ही पायांना हात लावून. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. पण तो दुसरा होता.

"गुरुजी, प्रवास बरा झाला न्हवं?"

"उत्तम," गुरुजी म्हणाले. ज्याचा हात आपल्या हातात धरून पहिलीचं अक्षर न् अक्षर काढून घेतलं, त्यानं विचारावा असा हा प्रश्न त्यांना वाटला नाही. प्रवासाचं काय, बसचा कंडक्टरही विचारतो.

निपाणीच्या पलीकडे, कर्नाटकातल्या एका लहान गावात, सरकारी मराठी शाळेत या दोघांनी अठ्ठावीस वर्षं एकत्र काढली होती. शाळेला खोल्या दोन आणि शिक्षकही दोन. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी मास्तरांकडे. दोघेही सारखेच शिक्षक. पण एकाला गाव गुरुजी म्हणे आणि दुसऱ्याला मास्तर. याचं गुरुजींना त्या काळी मनातून बरं वाटायचं.

चौथीच्या भूगोलात राज्याची राजधानी येई. रघुजी मास्तरांना चित्र काढता येत नसे. मग ते मधल्या भिंतीवर टकटक करत आणि गुरुजी जाऊन त्यांच्या फळ्यावर विधानसौध काढून देत. खांब, पायऱ्या, घुमट, वरचे सिंह, सगळं पुस्तकातल्या चित्रावरून. बेंगळुरू मात्र दोघांपैकी कोणीही पाहिलं नव्हतं. निवृत्तीला तेरा वर्षं झाल्यावर गुरुजींनीच बेत काढला. पुतण्याच्या फोनवर चार रात्री शोधून हे हॉटेलही त्यांनीच निवडलं. मॅजेस्टिक बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, स्वस्त, स्वच्छ, सकाळचा नाश्ता धरून. नाव 'चंद्रप्रभा कम्फर्ट्स'. गरम पाणी सकाळी सहा ते आठ. लिफ्टमध्ये माणसं तीन, बॅगा असल्या तर दोन. खोलीत दोन खाटा, पण जोडलेल्या, आणि खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत.

महांतेश बेंगळुरूला असतो, विमानांचे भाग करणाऱ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर आहे, हे गुरुजींना ठाऊक होतं. गावात कोणी विचारलं तर ते आवर्जून सांगत, "माझा विद्यार्थी." त्याचा फोन नंबर मात्र त्यांच्याकडे नव्हता. तो रघुजी मास्तरांकडे होता. 'घरीच उतरा, हॉटेल कशाला' हा महांतेशचा आग्रहही मास्तरांच्याच फोनवर आला होता. "त्याला सांगा, आम्ही कोणाला अडचण करणार नाही," असं गुरुजी म्हणाले होते. तो पुन्हा आग्रह करील, या वेळी आपल्याला फोन करील, असं त्यांना वाटलं होतं. मास्तरांनी निरोप दिला आणि प्रश्न तिथंच मिटला.

"मास्तर, हे घ्या." महांतेशनं पिशवीतून मफलर काढून रघुजींच्या गळ्यात टाकला. "हितं सकाळी गार असतंय."

त्याच पिशवीतून दुसरा मफलर निघाला. तोही तसाच, त्याच दुकानातला. रंग तेवढा वेगळा. गुरुजींनी तो घडी करून हातात धरला.

"घाला की गळ्यात," रघुजी म्हणाले. "का नवरदेवावानी कुणी घालायची वाट बघतायसा?"

*

विधानसौधासमोर कुंपणाबाहेर लोक फोटो काढत उभे होते. गुरुजी एका टोकाला गेले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. चित्रात त्यांनी पायऱ्या फार कमी काढल्या होत्या. इतकी वर्षं मुलांना कमी पायऱ्या दाखवल्या.

"गुरुजी, तुमचं चित्र मला अजून आठवतंय," महांतेश मागून म्हणाला.

गुरुजी झटकन वळले. "आठवतं? खरंच?"

"आठवतंय की! तुम्ही चित्र काढून गेलासा की मास्तर आम्हाला खडू द्यायचे. म्हणायचे, एवढ्या मोठ्या घरात एकबी माणूस न्हाई, भुताचा वाडा हाय काय ह्यो? माणसं काढा. मी आमच्या अप्पांना पायरीवर बसवलं होतं. म्हशीसकट."

रघुजी मास्तर खो खो हसले. "म्हस तर म्हस! अरं, राजधानी आपलीच न्हवं?"

गुरुजीही हसले, कारण हसायला हवं होतं. आपल्या चित्रात म्हशी उभ्या राहत होत्या, हे त्यांना आज, इतक्या वर्षांनी, कळत होतं.

लालबागेत जुना खडक आहे. लोक त्यावर चढून शहर बघतात. रघुजींचे गुडघे दुखत म्हणून महांतेशनं त्यांच्या दंडाला धरलं आणि एकेक पाऊल सांगत वर नेलं. "मास्तर, हितं घसरतंय. मास्तर, जरा दम खावा." गुरुजी रोज पहाटे तीन किलोमीटर चालत. ते भराभर वर गेले आणि एकटेच वर उभे राहिले. माणूस धडधाकट राहिला की त्याला कोणी हात देत नाही, असं त्यांच्या मनात आलं. लगेच या विचाराची त्यांना लाजही वाटली. सत्तरी ओलांडलेला माणूस आपण, पहिलीतल्या पोरासारखं 'मला का नाही' म्हणून रुसतोय.

खाली उतरल्यावर कॉफी घेताना त्यांनी पाहिलं, महांतेशच्या उजव्या मनगटावर घड्याळ होतं. नवी पद्धत असेल, असं त्यांना वाटलं. "घड्याळ उजव्या हातात?" त्यांनी विचारलं.

महांतेश क्षणभर घड्याळाकडे बघत राहिला. "सवय आहे, गुरुजी," तो म्हणाला आणि त्यानं रघुजींना विचारलं, "मास्तर, साखर बरोबर आहे का? अजून स्वल्प घालू?"

*

दुपारी दोघं खोलीवर परतले. खाली मॅनेजरनं रघुजींना बघून 'मेष्ट्रु, बन्नी', मास्तर, या, म्हणून कानडीत हाक मारली. एका दिवसात त्याची आणि रघुजींची दोस्ती झाली होती. सकाळी आठ वाजून गेल्यावर मास्तरांसाठी गरम पाण्याची बादली वर आली होती. खोली मात्र गुरुजींच्या नावावर होती. आधारकार्ड त्यांचं, सही त्यांची. मॅनेजरनं त्यांना एकदाच हाक मारली होती, तीही 'सर' म्हणून, चावी परत मागायला.

रघुजी खाटेवर आडवे झाले. गुरुजी खुर्चीत बसले.

"रघुजी, एक विचारू? तुम्ही महांतेशला शिकवलंत तरी काय?"

"काय की." मास्तरांनी डोळे न उघडताच उत्तर दिलं. "तिसरी-चौथीला जे असतंय ते. पाढे. नदीचं उगमस्थान."

"नाही, खास असं काही? त्याच्यासाठी काही केलंत?"

"मला तर आठवतबी न्हाई बघा. कान आठवत्यात. तुम्ही सांगा, तुमचं पाठांतर चांगलं."

गुरुजींना सगळं आठवत होतं. म्हणून तर त्रास होत होता. महांतेश पहिलीत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला दोनच गुंड्या होत्या. घरी कानडी, शाळेत मराठी, त्यामुळे महिनाभर तो बोललाच नव्हता. त्याला हाताशी धरायला गुरुजींनी दोन वर्षं घातली. एकदाही मारलं नाही, ओरडले नाहीत. शाळा सुटल्यावर थांबून, शेजारी बसून, हातात हात धरून लिहून घेतलं. आणि हे शेजारच्या वर्गातले गृहस्थ! शिपायाबरोबर सोंगट्यांचा पट मांडून बसायचे. अर्धा तास चहा प्यायचे. पोरं वर्गात काय करतात याकडे बघायचे नाहीत. पोरं त्यांच्या वर्गात जाताना उड्या मारत जायची, कारण तिथं काहीच करावं लागत नसे.

त्यांनी गावी बायकोला, कमलाबाईंना, फोन लावला. बोलता बोलता मफलरचं सांगितलं, खडकाचं सांगितलं, आणि पाया पडल्याचंही सांगितलं.

"म्हणजे पडला ना तुमच्याही?" कमलाबाई म्हणाल्या.

"पडला. नंतर."

"अहो, दोन माणसांच्या एकदम कसा पडणार तो? त्याला काय चार हात आहेत?"

"तसं नव्हे गं."

"मग कसं? इतकं लागलं असेल तर विचारा त्याला. नाहीतर जेवायला जाताय तिथं नीट जेवा आणि या."

विचारायचं नाही, गुरुजींनी ठरवलं. पण आठवण करून द्यायला काय हरकत आहे? पोरगं विसरलं असेल. पाच-सहा वर्षांच्या वयातलं कोणाला आठवतं? उद्या परतायचं. आज त्याच्या बायको-मुलीसमोर त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं, की त्याला लिहायला कोणी शिकवलं. एवढंच हवं होतं. त्यापेक्षा जास्त काही नको होतं.

*

महांतेशचं घर के. आर. पुरमला होतं. गाडीनं गेलं तर दोन तास कुठं मोडतील सांगता येत नाही, म्हणून तो त्यांना न्यायला मेट्रोनंच आला. घरात त्याची बायको शिवलीला होती आणि सात वर्षांची मुलगी स्मृती. शिवलीला गोकाककडची. तिचं मराठी कानडीच्या चालीवर चाले, पण मनापासून. "बसा अज्जा. संकोच करू नका. तुमचंच घर आहे हे."

स्मृती सोफ्यावर उलटी पडून दोघांना निरखत होती. "तुमच्यात रघुजी मास्तर कोण?"

"मी," रघुजी म्हणाले.

"खरंच?" ती उठून बसली. शाळेत पाहुणा म्हणून खेळाडू यावा तशी ती त्यांच्याकडे बघायला लागली. "पप्पा तुमची गोष्ट सांगतात."

गुरुजींनी पाण्याचा पेला उचलला आणि सगळा पिऊन टाकला.

जेवायला ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्यांची एण्णगाई, शेंगदाण्याची चटणी आणि भात. शिवलीलानं पहिलं ताट रघुजींसमोर ठेवलं. जवळ बसले होते म्हणून असेल. गुरुजींनी तेही मोजलं. दोन घास झाल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"शिवलीला, तुला ठाऊक नसेल. तुझ्या नवऱ्याच्या हातात पहिली पेन्सिल मी दिली."

"हो का?" तिनं हसून वर पाहिलं.

"दिली म्हणजे, दिली उजव्या हातात आणि यानं घेतली डाव्या हातात!" गुरुजी रंगात आले. असे पाठ ते पूर्वी प्रशिक्षणात इतर शिक्षकांना सांगत. "डावरा होता. आता गावाकडं डाव्या हातानं लिहिणं म्हणजे काय ते तुम्ही जाणता. दुसरा कोणी असता तर छडीनं बोटं फोडली असती. मी मारलं नाही. मी उपाय काढला. रोज सकाळी याच्या डाव्या मुठीत एक चिंचोका द्यायचा. सांगायचं, बाळ, हा पडू द्यायचा नाही. मूठ बंद. मग लिहायला कोणता हात उरतो? उजवा! शाळा सुटताना मूठ उघडायची. चिंचोका असला की गुळाचा खडा. दोन वर्षं. एक दिवस खंड नाही. प्रेमानं सगळं होतं, फक्त धीर पाहिजे."

ते थांबले. आता कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं.

शिवलीला भाकरीचा तुकडा मोडत होती. तो मोडून झाला तरी मोडत होती. महांतेश भाताकडे बघत होता.

"तो चिंचोका तुम्ही द्यायचात?" स्मृतीनं विचारलं.

"हो बाळ, मीच."

"पप्पा, तुम्ही तर म्हणाला होता, त्या गुरुजींचं नाव आठवत नाही."

"स्मृती, जेव," शिवलीला म्हणाली.

"पण मला सगळी गोष्ट माहितीये, अम्मा! मला शाळेत सगळे 'एडगै' म्हणतात, डावरी, तेव्हा पप्पा सांगतात." ती गुरुजींकडे वळली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गोष्ट पूर्ण होत असल्याचा आनंद होता. "एक गुरुजी होते. चांगले होते. पण त्यांनी पप्पांचा हात बंद करून ठेवला. पप्पांना वाटायचं, हा हात चोर आहे. घरी पण ते खिशात घालायचे. मग तिसरीत गेले. तिथं रघुजी मास्तरांनी विचारलं, मुठीत काय आहे? आणि पप्पांनी मूठ उघडली. मग मास्तर म्हणाले..."

"दे हिकडं, मला पटाला एक कमी पडत हुता," महांतेशनं हळूच वाक्य पूर्ण केलं.

"आणि घेऊन टाकला!" स्मृती टाळी वाजवून म्हणाली. "मग पप्पांचा हात मोकळा झाला. त्यांनी लिहिलं, तर मास्तर काही बोललेच नाहीत."

आता गुरुजींनी पाहिलं. महांतेश उजव्या हातानं जेवत होता आणि त्याचा डावा हात मांडीवर होता, मूठ मिटलेली. स्मृतीचा पेन्सिलीनं काळा झालेला तळवाही डावाच होता.

"गुरुजी," महांतेश म्हणाला, "लहान आहे ती. मनाला लावून घेऊ नका. त्या वेळी सगळीकडं तसंच होतं. आमच्या अप्पांनीच तुम्हाला सांगितलं होतं, पोराचा हात सुधारा म्हणून."

"अप्पांना काय ठाऊक असणार," गुरुजी म्हणाले. "ते शेतात काम करत होते. ठाऊक असायला हवं होतं मला."

रघुजी मास्तरांनी चटणीचं भांडं ओढून घेतलं.

"अक्का," ते शिवलीलाला म्हणाले, "जवारीची भाकर अशी आमच्याकडंबी कुणी करत न्हाई. अजून एक वाढ."

शिवलीला उठली. जाता जाता तिनं गुरुजींच्या ताटातही भाकरी वाढली. त्यांनी नको म्हटलं नाही. ती त्यांनी पूर्ण खाल्ली, कारण पोरांना त्यांनी ताटात टाकू नये असं शिकवलं होतं.

*

महांतेश मेट्रोच्या फलाटापर्यंत सोडायला आला. रघुजी बाकावर टेकले. गुरुजी आणि महांतेश पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभे होते.

"नाव का नाही सांगितलंस मुलीला?" गुरुजींनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तिला तुमचा राग आला असता." महांतेशनं थोडा विचार केला. "राग यावा असं काय तुम्ही मुद्दाम केलं नव्हतं."

"आणि तुला?"

"मला यायचा. पण तुम्ही रोज गूळ द्यायचा, गुरुजी. त्यामुळं धड रागबी धरता यायचा न्हाई. तेच जड जायचं."

गाडी आली. महांतेशनं रघुजींना धरून आत बसवलं आणि दारं मिटेपर्यंत बाहेर उभा राहिला.

एक स्टेशन गेलं. दोन गेली. रघुजींनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला.

"खरं सांगू? मला तो चिंचोका आठवतबी न्हाई. पटाला पाहिजे असंल म्हणून घेतला असंल. मी काय मुद्दाम..."

"तेच तर," गुरुजी म्हणाले. "तेच मला सोसत नाही, रघुजी. मी एकेका पोराचा हात, खोड, सदऱ्याच्या गुंड्या लक्षात ठेवल्या. त्यासाठी रात्री जागलो. तुम्ही पट खेळलात. आणि पोरगं तुमच्या पाया आधी पडतं."

रघुजी मास्तर त्यांच्याकडे वळले. "मग काय करू? पडू नगंस म्हणू त्याला?"

गुरुजींनी खिडकीबाहेर पाहिलं. "नको. पडू दे."

*

रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या नाश्त्याच्या खोलीत इडली-वड्याबरोबर केसरीभातही, म्हणजे केशरी शिरा, होता. अकराची बस होती. महांतेश, शिवलीला आणि स्मृती निरोप द्यायला साडेआठलाच आले. महांतेश काउंटरवर मॅनेजरशी टॅक्सीचं बोलत होता. रघुजींच्या टेबलाशी शिवलीला बसली होती आणि मास्तर तिला म्हशीची कुठली तरी गोष्ट सांगत होते. तिचं हसू ऐकू येत होतं.

गुरुजी भिंतीकडच्या टेबलावर एकटेच कॉफी घेत होते. तिकडचं हसू आजही त्यांना टोचत होतं. रात्रभरात माणूस बदलत नाही, हे त्यांना पहिलीच्या वर्गाइतकं कोणी शिकवलं नव्हतं.

"अज्जा."

स्मृती वही घेऊन उभी होती.

"मला माझं नाव मराठीत लिहायचंय. शाळेत फक्त कानडी आणि इंग्लिश आहे."

गुरुजींनी रघुजींच्या टेबलाकडे बघितलं. "त्या अज्जांना विचार, बाळ. ते तुला आवडतात ना?"

"विचारलं असतं. पण पप्पा म्हणाले, अक्षर शिकायचं तर तुमच्याकडूनच शीक."

गुरुजींनी काउंटरकडे पाहिलं. महांतेशची पाठ होती.

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. ती डावीकडे बसली, ते उजवीकडे. छत्तीस वर्षं ते असेच बसत आले होते. त्यांनी खिशातून पेन काढून वहीच्या वरच्या ओळीवर तिचं नाव लिहिलं, मोठं, सावकाश, प्रत्येक रेष कुठून निघते ते दिसेल असं. मग पेन तिच्यासमोर ठेवलं, टेबलावर, कुठल्याही हाताच्या बाजूला नाही, मधोमध.

तिनं ते डाव्या हातात घेतलं.

गुरुजींचा हात उठला. तो अर्ध्यावर आला होता, तिच्या मनगटाच्या वर, बोटं आपोआप वळलेली. त्यांनी तो परत नेला आणि कॉफीच्या पेल्याभोवती धरला. पेला गार झाला होता.

स्मृती लिहायला लागली. अक्षरं भलतीकडे कलत होती. रेषा वरून खाली जायच्या तर खालून वर जात होत्या, आणि शाई तळव्याला लागून सगळीकडे पसरत होती. ते काही बोलले नाहीत. पण वही तिरकी करता करता तिचं कोपर भिंतीवर आपटत होतं. तिच्या डाव्या बाजूला भिंत होती. ती आखडून लिहीत होती आणि तिला ते कळत नव्हतं.

"थांब," गुरुजी म्हणाले.

ती दचकून थांबली. पेन घट्ट धरून तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"चुकलं नाही. तू इकडं ये. भिंतीकडं मी बसतो."

ते उठले. तिची खुर्ची मोकळ्या बाजूला सरकवली, वही सरकवली, आणि आपण पोट आत घेऊन, बाजूनं, भिंत आणि टेबल यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरले. तिथं माणसानं बसावं इतकी जागा नव्हती. गुडघे टेबलाच्या पायाला लागत होते, खांदा भिंतीला घासत होता.

"आता हात पुरतो?"

स्मृतीनं कोपर बाहेर पसरून बघितलं. "पुरतो."

"मग लिही."

महांतेश टॅक्सी ठरवून वळला आणि हाक मारणार होता. काउंटरपाशीच तो थांबला. बाहेर टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला.

"त्याला जरा थांबायला सांग," गुरुजी भिंतीकडून म्हणाले. "हिचं व्हायचंय."